छोट्या हॉस्पिटलात पॅक्स कसं बसवावं: आधी तक्ता, मग सॉफ्टवेअर

एक्स-रे, सोनोग्राफी, सीटीचे फोटो एका जागी साठवायचे आणि हॉस्पिटलातल्या कुठल्याही संगणकावर उघडून पाहायचे, एवढंच पॅक्सचं काम. त्यावरचं इंटरनेटवरचं मार्गदर्शन मात्र दोन टोकांचं असतं. एकीकडे मोठ्या कंपन्यांची चकचकीत पत्रकं, ज्यांत पाचशे खाटा आणि स्वतंत्र आयटी विभाग गृहीत धरलेला असतो. दुसरीकडे ‘पाच मिनिटांत सर्व्हर चालू’ छापाचे व्हिडिओ, जे बरोबर तिथे संपतात जिथे खरी डोकेदुखी सुरू होते.

हा लेख कुडाळ, कणकवली, लांजा, चिपळूण, महाड अशा ठिकाणच्या वीस-तीस खाटांच्या हॉस्पिटलांसाठी आहे. एक डीआर (डिजिटल) एक्स-रे, एक-दोन सोनोग्राफी मशिनं, जमलं तर सीटी, आणि रेडिओलॉजिस्ट आठवड्यातून दोनदा येणार, बाकीचे दिवस कोल्हापूर किंवा पुण्याहून रिपोर्ट देणार, असा साधारण संसार. स्टॅटिक आयपी कसा देतात आणि स्विच कशाला म्हणतात हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. येत नसेल तर नेटवर्कवाल्या मुलाला शेजारी बसवा.

कोणतं सॉफ्टवेअर

यावर लोक उगाच महिने घालवतात. सगळी मशिनं डायकॉम या एकाच मानकात बोलतात. त्याची पहिली आवृत्ती १९८५ साली आली, डायकॉम हे नाव १९९३ पासूनचं. त्यामुळे जुनं सीटी आणि काल खोक्यातून काढलेलं डीआर एकाच सर्व्हरला फोटो पाठवू शकतात आणि उद्या सर्व्हर बदललात तरी जुने फोटो वाया जात नाहीत. लग्नाचा निर्णय नाही हा.

छोट्या जागेसाठी माझं उत्तर ठरलेलं आहे: ऑर्थँक. बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठ रुग्णालयात २०१२ साली सुरू झालेला हा मुक्त सर्व्हर आहे. हलका, फुकट, विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर चालणारा. चार-पाच शाखा आणि सांभाळायला माणूस असेल तर डीसीएमफोरची हा मोठा सर्व्हर बघा, नाहीतर त्याच्या वाटेला जाऊ नका. व्ह्यूअर म्हणून, म्हणजे फोटो उघडून बघायला, वीसिस मोफत आहे, रेडिअँटला पैसे पडतात, मॅकवाले होरोस वापरतात, आणि ब्राउझरमध्येच फोटो उघडायचे तर ऑर्थँकला ओएचआयएफ किंवा स्टोन व्ह्यूअर जोडता येतो. मोफत व्ह्यूअरांपैकी बरेच प्राथमिक निदानासाठी प्रमाणित नसतात आणि तसं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलेलं असतं. ज्याची सही रिपोर्टवर जाणार, त्याच रेडिओलॉजिस्टला विचारून व्ह्यूअर ठरवा. क्रॅक केलेला व्ह्यूअर कोणी पेनड्राइव्हवर आणून दिला तर पेनड्राइव्हसकट परत पाठवा.

जागा, वीज आणि डिस्क

सर्व्हर तळमजल्यावर नको. चिपळूण आणि महाडकरांना हे सांगायची गरज नाही, २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ दोन्ही त्यांच्या लक्षात आहेत. पण नदीपासून लांब आहोत म्हणून निवांत असणाऱ्यांचेही सर्व्हर जिन्याखालच्या कोंदट खोलीत, गळक्या पाइपाखाली ठेवलेले असतात. वरचा मजला, कोरडी भिंत आणि रात्रंदिवस एकाच तापमानावर चालणारा एसी. दिवसा एसी, रात्री बंद, सकाळी खिडकी उघडी असा प्रकार आपल्या दमट हवेत केलात तर बोर्डावर ओल धरते, आणि समुद्राजवळ त्या ओलीत मीठही असतं.

आर्थिंगकडे मात्र खरंच लक्ष द्या. आपल्याकडे निम्मी बांधकामं जांभ्याच्या कातळावर. कातळात खड्डा मारून घातलेलं आर्थिंग पावसाळ्यात ठीक असतं आणि एप्रिल-मेमध्ये सुकून नावापुरतं उरतं, म्हणजे वळिवाच्या विजा सुरू होतात नेमकं तेव्हा. भर उन्हाळ्यात न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर आधी इलेक्ट्रिशियन, मग सर्व्हर.

त्याच कारणासाठी दोन इमारतींमध्ये तांब्याची लॅन केबल टाकू नका. जुनी ओपीडी आणि नवं सीटी सेंटर यांच्यामध्ये अंगणातून, आंब्याच्या फांदीवरून नेलेली केबल मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की आता आश्चर्यही वाटत नाही. जवळपास वीज पडली की त्या केबलमधून दोन्ही टोकांचे स्विच जातात आणि कधीकधी मशीनचं नेटवर्क कार्डही. इमारतींमध्ये फायबर टाका. काचेतून वीज वाहत नाही. खर्चाचा फरक एका जळालेल्या कार्डाच्या बिलापेक्षा कमी असतो.

सर्व्हरला स्वतंत्र ऑनलाइन यूपीएस. ओपीडीच्या पंख्यांच्या इन्व्हर्टरवर त्याला टांगू नका.

डिस्क किती लागेल याचा हिशेब कागदावर होतो. सीटीचा एक काप ५१२ गुणिले ५१२ बिंदूंचा, प्रत्येक बिंदूला दोन बाइट, म्हणजे सुमारे अर्धा एमबी. पाचशे कापांचा अभ्यास, म्हणजे एका रुग्णाची एक पूर्ण तपासणी, २५० एमबी. दिवसाला दहा सीटी धरल्या तर अडीच जीबी, वर्षाला साधारण ९०० जीबी. डीआरचा एक फोटो १५ ते २० एमबी, दिवसाला चाळीस धरले तर वर्षाला आणखी अडीचशे-तीनशे जीबी. म्हणजे एकमेकांची नक्कल ठेवणाऱ्या चार टीबीच्या दोन डिस्क तीन वर्षं पुरतात. सीटी नसेल तर एवढ्याही नकोत. विक्रेता ४० टीबीचं कपाट गळ्यात मारायला लागला तर हा हिशेब त्याच्यापुढे ठेवा.

किती वर्षं ठेवायचं? मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षं, पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या, कायद्याखालच्या सोनोग्राफीच्या नोंदी किमान दोन वर्षं, आणि पोलीस केस असेल तर प्रकरण निकाली निघेपर्यंत. मी तरी डिस्क भरल्याशिवाय काहीच काढू देत नाही.

नाव, पत्ता, दार: इथेच सगळे अडकतात

सॉफ्टवेअर बसवायला खरंच दहा मिनिटं लागतात. पुढे नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. मग संध्याकाळी एक्स-रेवाल्या टेक्निशियनचा फोन येतो: “लिस्ट दिसता, पण फोटो काय येनत नाय.” हे वाक्य माझ्या इतकं ओळखीचं झालंय की त्यावरूनच दोष सांगता येतो. मलाही सुरुवातीला या पायरीवर रात्री काढाव्या लागल्या, कारण कुठल्याच पुस्तिकेत ती एका जागी सलग समजावलेली नव्हती. म्हणून सावकाश सांगतो.

डायकॉम नेटवर्कवरच्या प्रत्येक उपकरणाला तीन गोष्टी असतात. एक, त्याचं नाव, ज्याला एई टायटल म्हणतात. दोन, त्याचा आयपी पत्ता. तीन, पोर्ट, म्हणजे ते ज्या दारावर ऐकत बसलंय ते दार. या तीन गोष्टी दोन्ही टोकांना सारख्याच लिहिलेल्या हव्यात. सर्व्हरने मशीनला ज्या नावाने ओळखायचं, त्याच नावाने मशीनने स्वतःची ओळख करून द्यायला हवी. सांगायला इतकं सोपं, आणि बहुतेक बिघाड याच तीन रकान्यांत.

म्हणून सॉफ्टवेअर डाउनलोड करण्याआधी तक्ता करा. कागदावर, पेनने. रकाने पाच: उपकरण, एई टायटल, आयपी, पोर्ट, आणि शेवटचा, जो सगळे विसरतात: ‘हे फक्त पाठवतं, की याच्याकडे फोटो यायलाही हवेत?’ एक्स-रे मशीन फक्त पाठवतं. रिपोर्टिंगच्या संगणकाकडे फोटो यायला हवेत. सीटीच्या कन्सोलला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या संगणकाला, जुना अभ्यास तुलनेसाठी परत मागवायचा असेल तर तो पाठवतोही आणि मागतोही. या शेवटच्या रकान्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

नावं ठेवताना शिस्त पाळा. इंग्रजी मोठी अक्षरं, आकडे, फार तर अंडरस्कोर. मध्ये रिकामी जागा नको. कमाल लांबी सोळा अक्षरं, पण मी दहाच्या पुढे जात नाही, कारण काही कन्सोलवर पुढचं दिसतच नाही. कंपनीने दिलेलं मूळ नाव बदला. एकाच कंपनीची दोन सोनोग्राफी मशिनं घेतली तर दोन्हींचं नाव कारखान्यातून बहुधा एकच येतं आणि मग सर्व्हरच्या नोंदीत कुठला फोटो कुठल्या खोलीतला हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. लहान-मोठ्या अक्षरांच्या फरकाकडे ऑर्थँक मुळात काणाडोळा करतो, समोरचं मशीन करेलच असं नाही. नावात डॉक्टरांचं आडनावही घालू नका. डॉक्टर बदलतात, नाव मशीनला चिकटून राहतं.

आयपी राउटरने वाटलेला नको. आयपीचा शेवटचा आकडा राउटर १०० ते २०० वाटत असेल तर मशिनं १० ते ५० मध्ये बसवा. सीटीच्या कन्सोलला अनेकदा दोन नेटवर्क कार्डं असतात, एक बाहेरचं आणि एक आतल्या संगणकाशी बोलणारं. आतल्याला हात लावायचा नाही, आणि हॉस्पिटलच्या नेटवर्कचे आकडेही त्या आतल्या आकड्यांशी जुळता कामा नयेत. ते आकडे कोणते, हे सीटीवाल्या इंजिनिअरकडून लिहून घ्या. तोंडी नको.

पोर्टसाठी १०४ हा पूर्वापार चालत आलेला आकडा. लिनक्सवर १०२४ च्या खालच्या दारांना खास परवानगी लागते म्हणून त्याच्या नादी न लागता ११११२ घ्या, तोही डायकॉमसाठीच नोंदलेला आहे. ऑर्थँकचा मूळ आकडा ४२४२ आहे, तो ठेवलात तरी बिघडत नाही. फक्त तक्त्यात तोच लिहा.

आता गंमत बघा. मशीनमध्ये सर्व्हरची माहिती भरली आणि फोटो पाठवला की तो जातो. जाणारच. ऑर्थँक मुळात इतका उदार आहे की कोणी अनोळखी उपकरणाने फोटो पाठवला तरी ठेवून घेतो, आणि हाक चुकीच्या नावाने मारली तरी ओ देतो. म्हणून पहिल्या दिवशी सगळे खूश होतात, पेढे वाटतात, बिल दिलं जातं. सर्व्हरच्या बाजूचा तक्ता रिकामाच असतो आणि कोणाला कळतही नाही.

कळतं ते रिपोर्टिंगच्या संगणकावर. व्ह्यूअर उघडून यादी मागितली की ऑर्थँक आधी बघतो, हा विचारणारा माझ्या यादीत आहे का. पाठवणाऱ्याला तो मोकळीक देतो, विचारणाऱ्याला नाही. म्हणून व्ह्यूअरचं नाव, आयपी आणि पोर्ट ऑर्थँकच्या सेटिंगमधल्या ‘डायकॉम मोडॅलिटीज’ या भागात लिहावं लागतं. ते लिहिलं की यादी येते. मग एखाद्या रुग्णावर डबल क्लिक करा. काहीच होत नाही.

कारण फोटो मागवण्याची जुनी पद्धत, सी-मूव्ह, उलट्या दिशेने चालते. व्ह्यूअर सर्व्हरला फोटो ‘दे’ म्हणत नाही, तो म्हणतो, ‘हे अमुक नावाच्या ठिकाणी पाठव.’ सर्व्हर ते नाव आपल्या यादीत शोधतो, त्यापुढचा आयपी आणि पोर्ट बघतो, आणि स्वतः नवीन जोडणी करून तिकडे फोटो ढकलतो. एसटीच्या कंडक्टरकडे डबा देऊन ‘राणेंकडे पोचवा’ म्हणण्यातला प्रकार आहे हा: कुठले राणे, कुठल्या थांब्यावर, हे कंडक्टरला आधीच माहीत हवं, आणि राणेंनी थांब्यावर उभं राहायला हवं. मागणारा कितीही जवळ उभा असला तरी उपयोग नाही.

यावरून तीन अटी निघतात. सर्व्हरच्या यादीत व्ह्यूअरचं नाव अचूक हवं. त्या नावापुढचा आयपी आज खरा हवा, गेल्या महिन्यातला नव्हे. आणि व्ह्यूअरच्या संगणकाने त्या पोर्टवर बाहेरून येणारी जोडणी आत घ्यायला हवी. तिसऱ्या अटीवर विंडोजची फायरवॉल बसलेली असते. बाहेर जाणारं सगळं ती सोडते, आत येणारं अडवते. म्हणून यादी दिसते आणि फोटो येत नाहीत. टेक्निशियनच्या त्या एका वाक्यात हा सगळा निदानाचा भाग आलाच.

इथे मिळणारा सगळ्यात वाईट सल्ला म्हणजे ‘फायरवॉल बंद करून टाका’. मशीन बसवायला आलेल्या इंजिनिअरांकडून मी हा सल्ला उभ्या किनाऱ्यावर ऐकला आहे. तो माणूस संध्याकाळच्या गाडीने परत जातो आणि त्या संगणकावर नंतर ईमेल उघडणारे तुम्ही असता. फायरवॉलमध्ये फक्त व्ह्यूअरच्या पोर्टसाठी आणि फक्त सर्व्हरच्या आयपीकडून येणाऱ्या जोडणीसाठी एक नियम लिहा. तो खाजगी आणि सार्वजनिक दोन्ही प्रकारच्या नेटवर्कना लागू करा, कारण राउटर बदलला की विंडोज नव्या नेटवर्कला ‘सार्वजनिक’ समजतं आणि कालपर्यंत चालणारी गोष्ट आज बंद पडते. पावसाळ्यात विजेने राउटर गेला, नवा आणला, आणि ‘पॅक्स बिघडलं’ अशी बोंब झाली, तर आधी हेच बघा.

चाचणी क्रमाने करा आणि एकही पायरी गाळू नका. आधी पिंग. पिंग लागला म्हणजे तार शाबूत आहे, त्यापलीकडे काहीही सिद्ध होत नाही. मग सी-इको, म्हणजे डायकॉममधली हाक. बहुतेक मशिनांवर ‘व्हेरिफाय’ नावाचं बटण असतं तेच. संगणकावरून करायचं तर डीसीएमटीके या मोफत संचातली छोटी साधनं वापरा. पण वर सांगितलं तसं, ऑर्थँक चुकीच्या नावालाही ओ देतो, म्हणून हिरवी खूण दिसली की नाचू नका. मग एक फोटो पाठवून बघा, मग यादी मागा, आणि शेवटी त्या यादीतला एक फोटो मागवा. पाचही झालं की मगच पुढचं उपकरण. सगळं जुळल्यावर ऑर्थँकच्या सेटिंगमध्ये हाक मारलेलं नाव तपासण्याची सोय चालू करा. आधी चालू केलीत तर एकाच वेळी दहा गोष्टी नाकारल्या जातील आणि कशामुळे ते कळणार नाही.

अडलं तर दोष कुठे ते संदेशावरून ओळखता येतं. जोडणी लगेच नाकारली आणि नाव ओळखत नाही असं आलं, तर एई टायटल चुकलंय. बराच वेळ थांबून ‘टाइमआउट’ आलं, तर आयपी, केबल किंवा फायरवॉल. ‘मूव्ह डेस्टिनेशन अननोन’ आलं, तर सर्व्हरच्या यादीत मागणाऱ्याचं नाव नाही किंवा एखाद्या अक्षराने वेगळं आहे. ओ आणि शून्य, आय आणि एक यांची अदलाबदल मोठ्या अक्षरात लिहून बघितल्याशिवाय सापडत नाही. सेटिंग बदलून ऑर्थँक सुरूच होत नसेल तर त्या फाइलमध्ये कुठेतरी स्वल्पविराम राहिलाय किंवा जास्त पडलाय. लॉग उघडा, ओळ क्रमांकासकट सांगितलेलं असतं. आणि बदल केल्यावर सर्व्हिस पुन्हा सुरू करायला विसरू नका.

डॉक्टरांचे लॅपटॉप आणि टॅब्लेट या सी-मूव्हच्या भानगडीत घालूच नका, हे माझं ठाम मत. ते आज वायफायवर, उद्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, आयपी रोज वेगळा. त्यांना ब्राउझरमधला व्ह्यूअर द्या, एक पत्ता आणि एक पासवर्ड, विषय संपला. हल्लीच्या बऱ्याच व्ह्यूअरांत सी-गेट नावाचा पर्यायही असतो. त्यात फोटो त्याच जोडणीवरून परत येतात, उलटी वाट लागत नाही. जिथे असेल तिथे तो निवडा. सी-मूव्ह फक्त अशा जुन्या वर्कस्टेशनसाठी ठेवा ज्यांना दुसरं काही येतच नाही.

आणखी एक. मशीनवरचा डायकॉमचा तक्ता बहुधा सर्व्हिस पासवर्डच्या मागे असतो आणि सोनोग्राफी मशिनांवर डायकॉम हा अनेकदा वेगळे पैसे मोजून घ्यायचा पर्याय असतो. मशीन आल्यावर हे कळलं तर तुम्ही अडलात, आणि समोरच्याला ते माहीत असतं. खरेदीच्या ऑर्डरमध्येच लिहा: डायकॉम स्टोअर आणि वर्कलिस्ट सुरू करून, आमच्या तक्त्याप्रमाणे भरून द्यावं. (वर्कलिस्ट म्हणजे काय ते पुढे येतंच.)

ऑर्थँकच्या बाकी सेटिंग

फोटोंची जागा मोठ्या डिस्कवर वळवा, विंडोजवर ती मुळात सी ड्राइव्हवर असते. दुसऱ्या संगणकांवरून ब्राउझरने बघायची परवानगी मुळात बंद असते, ती चालू करा, पण पासवर्डाची सक्ती आधी. ‘ऑर्थँक’ हेच नाव आणि हाच पासवर्ड ठेवणारे महाभाग आहेत, त्यांच्यात जमा होऊ नका.

सर्व मशिनांची घड्याळं सर्व्हरच्या घड्याळाला जोडा. ज्या एक्स-रे कन्सोलची आतली बॅटरी संपली आहे त्याचे फोटो वीस वर्षं जुन्या तारखेने यादीच्या तळाशी जाऊन बसतात आणि ‘फोटो हरवला’ म्हणून ओरड होते.

मशीनवर ‘पाठवल्यावर आपोआप पुसा’ हा पर्याय पहिला महिना बंद ठेवा.

नावं आणि नंबर

एका गावात एकाच नावाचे तीन सावंत आणि चार परब निघतात, शिवाय टेक्निशियन एकदा डब्ल्यूने लिहितो, एकदा व्हीने. नावावर विसंबलात तर एकाचा फ्रॅक्चर दुसऱ्याच्या खात्यात जाईल. पेशंट आयडीचा रकाना कधीही रिकामा सोडायचा नाही, त्यात हॉस्पिटलचा नोंदणी क्रमांकच जाईल असा नियम करा. आधार क्रमांक तिथे टाकू नका. प्रत्येक फोटोसोबत आणि प्रत्येक सीडीवर तो फिरत राहतो.

नावं देवनागरीत टाकायचा मोह होतो. डायकॉममध्ये त्यासाठी यूटीएफ-८ लागतं आणि जुन्या कन्सोलना ते येत नाही, मग यादीत प्रश्नचिन्हांची रांग दिसते. सगळी मशिनं नवी असतील तर जरूर करा, एक जरी जुनं असेल तर इंग्रजी अक्षरं. जन्मतारीख माहीत नसलेल्या आजोबांची १ जानेवारी टाकायची तर ती सगळीकडे तशीच टाका.

वर्कलिस्ट, म्हणजे काउंटरवर एकदा भरलेलं नाव थेट मशीनवर दिसण्याची सोय, ही या सगळ्यावरचा खरा इलाज. पण ती साठवण नीट चालू लागल्यावर जोडा. दोन्ही एकदम उभं करायला गेलात तर कुठलं बिघडलंय तेच कळत नाही.

गरोदर स्त्रियांच्या सोनोग्राफीचे फोटो काउंटरच्या संगणकावर उघडता येऊ नयेत. पीसीपीएनडीटीचा प्रश्न आहेच, पण तो नसता तरीही.

बाहेरून रिपोर्टिंग

राउटरमध्ये पोर्ट उघडून सर्व्हर थेट इंटरनेटवर टाकायचा नाही. कधीच नाही, रेडिओलॉजिस्ट घाईत असला तरी नाही. २०१९ मध्ये ग्रीनबोन या जर्मन कंपनीने जगभर उघडे पडलेले असे सर्व्हर शोधून काढले होते, त्यांत भारतातलेही होते. कोणी फोडले नव्हते ते, मालकांनीच दार उघडं टाकलं होतं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आल्यावर ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हे उत्तर चालणार नाही.

व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधून जाणारी खाजगी, बंद वाट, वापरा. वायरगार्ड फुकट आहे आणि छोट्या सर्व्हरलाही झेपतं. घरगुती फायबरच्या बऱ्याच जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक आयपी नसतो, अशा वेळी स्टॅटिक आयपी विकत घ्या किंवा मधे भाड्याचा छोटा सर्व्हर ठेवून दोन्ही टोकांनी त्याला जोडा.

वेग बघताना अपलोड बघा, जाहिरातीतला आकडा बहुधा डाउनलोडचा असतो. २५० एमबीची सीटी २० एमबीपीएस अपलोडवर कागदावर १०० सेकंदांत जाते, प्रत्यक्षात दोन-तीन मिनिटं धरा. पाच एमबीपीएसच्या मोबाइल जोडणीवर सात मिनिटांच्या वर. जुलैत झाड पडून लाइन तुटते म्हणून दुसऱ्या कंपनीची जोडणी घ्यायची, पण दोन्हींच्या तारा त्याच खांबांवरून आल्या असतील तर एकाच झाडाने दोन्ही जातात. बाहेर जाऊन वर बघा.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एक्स-रेचा मोबाइलने काढलेला फोटो पाठवून ‘काय वाटतं’ विचारणं आता तरी बंद करा. त्यात बारीक फ्रॅक्चर दिसत नाही, रुग्णाचं नाव मात्र स्पष्ट दिसतं.

बॅकअप

दोन डिस्कची जोडी म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेला फोटो दोन्हींवरून एकाच क्षणी जातो. वेगळ्या डिस्कवर रोजची प्रत, आणि आठवड्याला एक प्रत इमारतीबाहेर, डॉक्टरांच्या घरी नको जर घर त्याच आवारात असेल. प्रत घेताना फोटोंच्या फोल्डरबरोबर ऑर्थँकचा डेटाबेसही घ्या, आणि तो घेताना सर्व्हिस थांबवा. ऑर्थँक फाइलींना निरर्थक लांबलचक नावं देतो, डेटाबेस नसेल तर त्या ढिगात कुठला रुग्ण कुठे ते दिसत नाही. कॉम्प्रेशन चालू केलं नसेल तर प्रत्येक फाइलच्या आत रुग्णाची माहिती असतेच, त्यामुळे सगळं पुन्हा आयात करून उभं करता येतं, पण तेवढे दिवस हॉस्पिटल फिल्मवर चालवावं लागेल.

प्रत घेतली जाते की नाही हे बघून भागत नाही, ती उघडते की नाही ते बघा. दर तीन महिन्यांनी एका सुट्या लॅपटॉपवर ऑर्थँक टाका, बॅकअपच्या डिस्कवरून सगळं उतरवा, आणि गेल्या वर्षीचा एखादा सीटी अभ्यास पहिल्या कापापासून शेवटपर्यंत फिरवून बघा. कापांची संख्या सर्व्हरवरच्या संख्येशी जुळवा. हे काम पावसाळ्याआधी, मे महिन्यात एकदा तरी झालंच पाहिजे. त्या दिवशी रेडिओलॉजिस्ट आलेला असेल तर अभ्यास त्यालाच उघडायला द्या. तुम्हाला कापांची संख्या बरोबर वाटली तरी एखादी मालिका, म्हणजे कापांचा एखादा संच, राहिली असेल तर ती त्याच्या नजरेत पटकन भरते.